कोल्याचं जालं

११ जानेवारी २०२५, शनिवार

कोल्हा! म्हणे चित्रात कोल्हा कुठे दिसतच नाही!

हबीबाचा फोन आला तेव्हा मेथी निवडत होते. तिला हसू आवरेना. तिच्या अब्बांच्या, म्हणजे मोहिउद्दीनशेठच्या, फिल्म डिपोची जागा विकली. माळा उपसताना पत्र्याचा एक डबा निघाला, आत कार्टूनचं रीळ. मुंबईत जुनी चित्रं साफसूफ करून जपणारी कुठलीशी संस्था आहे. हबीबाने तिथे कळवलं, तिथली उन्नती नावाची मुलगी येऊन रीळ घेऊन गेली. आणि आता डोकं खाजवत बसलीय. पहिल्या पाटीवर नाव 'कोल्याचं जालं'. तिने वाचलं 'कोल्ह्याचं झालं'. आणि चित्रात पहिल्यापासून शेवटपर्यंत कोळी. आठ पायांचा!

"कमल, ती पाटी तुझ्या दादाची हाय. तूच सांग त्या पोरीला," हबीबा म्हणाली.

दादाची, माझ्या बापाची, पाटी. मेथी तशीच पडून राहिली. संध्याकाळी पिठलं केलं.

१२ जानेवारी

हबीबाने पाटीचा फोटो पाठवला. मोठा करून करून पाहिला.

त्याचीच अक्षरं. दादा शिरोरेघेचं शेवटचं टोक जरा वर वळवायचा, चिंबोरीच्या नांगीसारखं. भिवंडीतल्या अर्ध्या दुकानांवर ती नांगी होती. आणि ल — दोन्ही जागी ल! आम्हा आगऱ्यांच्या तोंडात ळ बसत नाही. डोळा तो डोला, केळी ती केली. बाकीचे निदान लिहिताना सुधारतात. दादा लिहायचाही तसंच.

किती वर्षांनी पाहिलं हे. रडू आलं, मग हसू आलं, मग कुकरची शिट्टी झाली.

१४ जानेवारी

तिळगूळ. दिवसभर सगळ्यांशी गोड बोलले. फार दमले.

१७ जानेवारी

उन्नती टेमघरला घरी आली. बरोबर हबीबा. मुलगी बारीक, मोठ्या चष्म्याची, चहाला नको म्हणाली आणि मग दोन कप प्यायली. मी तिला कोल्या म्हणजे कोळ्या, जालं म्हणजे जाळं हे समजावलं. तिने कपाळावर हात मारून घेतला. मग तिच्याकडच्या जुन्या यादीत नाव लगेच सापडलं. मुंबईच्या सागरगोटा फिल्म्सनी काढलेलं चित्र. कंपनी केव्हाच बुडाली.

मग पाटी का बदलली? ते हबीबाला ठाऊक होतं. कंपनी बंद होताना मालकाने चित्रं जिल्ह्याजिल्ह्याला विकली. चालवायचे हक्क दिले, पण आपलं नाव दिलं नाही. अट अशी की कंपनीचं नाव, निशाणी, चित्राचं मूळ नाव, सगळं पुढून काढायचं. म्हणून मोहिउद्दीनशेठनी रिळाचं तोंड कापलं, दादाकडून नवी पाटी रंगवून घेतली, तिचा फोटो काढून फिल्मला जोडला. 'नूर फिल्म डिपो, भिवंडी' एवढंच मोठ्या अक्षरात. चित्र कोणी काढलं, रंगवलं, गाणं कोणाचं, सगळी नावं त्या कापलेल्या तुकड्याबरोबर गेली.

शेठना काळजी होती म्हणे. नाव बदलायचं, पण लोकांना चित्र ओळखू तर आलं पाहिजे! दादा म्हणाला होता, मी बगतो. हबीबा तेव्हा तिथेच डब्यांवर बसून बोरं खात होती.

त्या काळी पिक्चर सुरू व्हायच्या आधी कार्टून दाखवायचे. हे लागलं की थेटरात नुसता दंगा! कोळी आठही पायांनी जाळं विणतो, कडेला खाडीवरचा कोळी टकमक बघत बसतो आणि शेवटी तोही तसंच जाळं विणायला लागतो. एवढीच गोष्ट. पण आमच्या यंत्रमागांच्या गावात विणणं म्हटल्यावर काय! लूमवाले ड्युटी सुटून तसेच आलेले, केसात कापूस. आठ पायांत आठ धोटे पळायला लागले की मागून ओरडायचे, "अरे, ये तो अपनी शिफ्ट कर रहा है!" मी आणि हबीबा पुढच्या बाकावर. आम्हाला फुकट, कारण एकीचा बाप शेठ, दुसरीचा पेंटर.

उन्नतीने हे सगळं मोबाइलवर रेकॉर्ड केलं. मी जरा जास्तच बोलले.

१९ जानेवारी, रविवार

ती पाटी रंगवली तो दिवस मला आठवतो. अंगणात पुठ्ठा काळ्या रंगाने रंगवून वाळत घातलेला. मी तिसरीत. दादा पांढऱ्या रंगाने 'कोल्याचं' लिहायला लागला आणि मी ओरडले, "दादा, ळ! ळ काढ!" त्याने ब्रश वर धरला, माझ्याकडे पाहिलं. "ल काय न् ल काय, बाय. आपल्याला ल पुरं हाय."

मी चिडले. आधीच माझ्या शाळेच्या पत्र्याच्या पेटीवर त्याने 'कमल' लिहून ठेवलेलं. वर्गात मुली चिडवायच्या, बाई हजेरीला कमळ म्हणायच्या. मी खडूने ल चा ळ करायचे, पेटी पुसली की पुन्हा ल!

त्याच संध्याकाळी मी त्याला पाटी-पेन्सिल घेऊन बसवलं. रोज जेवणाआधी शाळा. मी त्याचा हात धरून गिरवून घ्यायचे. हात धरलेला असेपर्यंत बरं यायचं. सोडला की पेन्सिल वाकडी पळायची. कधी जिलबी, कधी चष्मा, एकदा तर चक्क बदक काढलं! आई हसून लोळायची. मी पट्टी घेऊन उभी. "पुन्हा काढ." तो बिचारा मान खाली घालून पुन्हा काढायचा. अख्खा पावसाळा चाललं हे. त्याचा ळ काही मला बघायला मिळाला नाही.

पण शिकवायची गोडी मला लागली ती तिथे. रिटायर झाले त्या दिवशी भाषणात सांगितलं होतं — माझा पहिला विद्यार्थी माझा बाप, आणि मी नापास केलेला एकच विद्यार्थी, तोही माझा बाप. टाळ्या पडल्या होत्या.

२५ जानेवारी

उन्नतीचा फोन. आवाज पडलेला.

सागरगोटाच्या मालकाचा नातू मुंबईत असतो. सगळे हक्क आता त्याच्याकडे. चित्र साफ करून लोकांना दाखवायला त्याने परवानगी दिली, पण भिवंडीची पाटी ठेवायची नाही म्हणाला. ती मूळ नाही, वर अशुद्ध. मूळ पाटी सापडली तर ती लावा, नाही सापडली तर कॉम्प्युटरवर साध्या अक्षरात नाव टाका.

म्हणजे दादाला कापणार.

मी तिला म्हटलं, तुझ्या त्या नातवाला सांग, हे अशुद्ध बिशुद्ध काही नाही, ही आमची बोली आहे. फोन ठेवला आणि मग आठवलं. वर्षानुवर्षं त्या ल वर लाल पेनने गोल मारणारी मीच की! आणि आज त्याच्यासाठी भांडतेय.

२८ जानेवारी

प्रितेशला सुट्टी होती. म्हटलं, मला गाडीतून गावात फिरव. मुलाने कारण विचारलं नाही, ते बरं केलं.

दादाची एक तरी पाटी सापडेल म्हणून सगळीकडे पाहिलं. बाजारपेठेत सगळं फ्लेक्स. पिठाच्या गिरणीवर फ्लेक्स, दातांच्या डॉक्टरवर फ्लेक्स, फ्लेक्सवाल्याच्या दुकानावर तर दोन फ्लेक्स. शेलारला एका किराणा दुकानाच्या शटरवर होती पूर्वी, नांगीसकट. तिथे आता मोबाइल कंपनीचा निळा रंग मारलाय. दुकानदार म्हणाला, होती होती, जुन्या मालकाच्या, अनंताशेठच्या वेळची होती, चांगली होती. रंग मारून आठेक महिने झाले असतील.

परत येताना प्रितेश म्हणाला, "आई, आजोबांचं काहीच नाही का राहिलं?"

राहिलंय ना. एका रिळाच्या तोंडाला चार-पाच सेकंद. तेही जाणार.

६ फेब्रुवारी

माझी पेटीही नाही. आई गेल्यावर भंगारात दिली होती भावाने. आज आठवलं आणि उगाच त्याला फोन करून भांडले. तो म्हणाला, ताई, वीस वर्षं झाली!

१० फेब्रुवारी

उन्नती वाईट नाही. तिने नातवाला दोनदा विचारलं, तो ऐकत नाही. पण कापायच्या आधी एकदा भिवंडीत दाखवू म्हणाली, आहे तसं, दादाच्या पाटीसकट. माझ्या शाळेचा हॉल मिळाला. हबीबा म्हणते खाऊचं मी बघते. म्हणजे निम्मं गाव येणार.

१६ फेब्रुवारी, रविवार

आलं निम्मं गाव.

पडद्यावर काळी पाटी आली, एवढी भिंतभर! 'कोल्याचं जालं'. आणि मागून कुणीतरी म्हाताऱ्याने मोठ्याने वाचलं, अगदी तसंच, ल ने. मग आणखी दोघांनी. मग हॉलभर. कुणी चूक काढली नाही. त्यांच्या तोंडात तेच होतं, पडद्यावर तेच आलं. मला एकदम कळलं की थेटरातही असंच वाचायचे लोक. वाचता येत नव्हतं तेही वाचायचे, कारण शेजारचा म्हणेल ते आपल्याच बोलण्यातलं असायचं.

हबीबाने माझा हात धरून ठेवला होता. तिच्या हाताला खारीचं तूप. कोळी विणायला लागला आणि पोरं खिदळायला लागली. मागच्या रांगेतला एक जुना लूमवाला उभा राहिला, बायकोला म्हणाला, "देख, यही था!"

संपल्यावर उन्नती जवळ आली. डोळे पुसत होती. म्हणाली, "काकू, मी आज पुन्हा त्यांच्याशी बोलते. नाहीच ऐकलं तर हा तुकडा कापून तुम्हाला आणून देईन."

चार सेकंदाचा बाप डबीत घालून देणार. मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार? घरी येऊन खूप रडले.

१९ फेब्रुवारी

हबीबा उरलेल्या नानखटाया घेऊन आली. म्हणते, "पाटी जाईल तर जाईल, कमल. रघूचाचाने अब्बांचं काम तर चोख केलं. नाव बदललं बी आणि नाय बी!" मी म्हटलं, कसलं बदललं, दादाला येत होतं तेवढंच लिहिलं त्याने. ती हसली.

२३ फेब्रुवारी

दुपारी उन्नतीचा फोटो आला. मूळ पाटी सापडली, नागपूरकडच्या एका बंद थेटरातल्या रिळावर. नातू म्हणतो हीच लावा.

'कोळ्याचं जाळं'.

शिरोरेघेचं टोक वर वळलेलं. नांगी! आणि दोन्ही ळ गोल, भरलेले, सुरेख. इतका चांगला ळ मला फळ्यावर कधी जमला नाही. खाली बारीक नावांत शेवटचं : अक्षरे — रघू म्हात्रे, भिवंडी. त्याखाली साल, १९६१.

माझा जन्म बासष्टचा.

दादा, येत होता की रे तुला!