इंजिन सोडून बाकी बरोबर

लासुर्णे, ३० ऑक्टोबर १९५५

चि. जयवंतराव यांस हिंदुरावाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.,

तुमची अक्का खुशाल आहे. आमच्या भाजीपाला सोसायटीचं ऑडिट यंदा तुमच्याकडे आलंय म्हणे. चेअरमन मी, ऑडिटर सख्खा मेहुणा. पेढे वाटायचेच काय ते बाकी! तुमच्यात चार तऱ्हेची मतं असतात असं कळलं. सगळं बरोबर, अमुक सोडून बरोबर, सगळं चूक, नाहीतर पुरावाच मिळाला नाही, सबब मत नाही. आम्हाला पहिलं द्या. दुसरं काही लिहिलंत तर भाऊबीजेला आमच्या उंबऱ्याला पाय लावू नका.

लोभ तुमच्या शाईवर अवलंबून.
हिंदुराव

बारामती, ३ नोव्हेंबर

ती. दाजींस जयवंताचा शि. सा. न. वि. वि.,

पत्र पोचलं. सोसायटीची मालमत्ता म्हणजे एक ऑइल इंजिन. कागदावर ते सोसायटीच्या विहिरीवर सभासदांची मिरची भिजवतंय. खंडेनवमीला मात्र तुम्ही त्याची पूजा तुमच्या विहिरीवर केलीत आणि खोबरं माझ्याच हातावर ठेवलंत. आता इंजिन सोडून बाकी बरोबर म्हणणं म्हणजे नवरदेव सोडून वरात झकास म्हणण्यासारखंच. नात्यातलं ऑडिट करू नये, म्हणून काम सोडलं. साहेबांना कारण सांगितलं, खोबरंही सांगितलं. आता येणारे गृहस्थ कुणाचेच मेहुणे नाहीत.

अक्काची भाऊबीज बंद करण्याआधी तिला एकदा विचारा. राग आला तरी लोभ राहू द्या.
जयवंत

लासुर्णे, १२ नोव्हेंबर

चि. जयवंतास अक्काचे आशीर्वाद.

ऑडिटर येऊन गेले. आदल्या दिवशी तुझ्या दाजींनी इंजिन बैलगाडीत घालून सोसायटीच्या विहिरीवर नेऊन बसवलं. हार तसाच, कुंकू तसंच. ऑडिटरांनी चालू करा म्हटलं, तेव्हा आमचा गडी म्हस्कू धावत घरी आला, की इंजिन फिरवायचं हँडल आपल्याच गोठ्यात ऱ्हायलंय, मालकांनी गुपचूप मागितलंय. मला सभासदांच्या बायकांच्या दोन वर्षांच्या कुरबुरी आठवल्या. त्यांची मिरची वाळली आणि आमची केळी पोसली, याची मला लाज वाटते. हँडल मीच नेलं आणि कुठून आणलं ते चारचौघांत सांगितलं.

मत तिसरं पडलं, सगळं चूक. इंजिन तिथंच राहिलंय, मिरचीला पाणी लागलंय. हे माझ्याशी बोलत नाहीत. जेवण सोडून बाकी सगळ्यावर रुसलेत. बुधवारी भाऊबीज. उंबरा त्यांचा असेल, ओवाळणारी मी आहे. ये.

तुझी अक्का
द्वारका