मागचं शेड, उंच टेबल आणि चिंधाकडचा पाना

सगळ्यात आधी पिठाच्या चक्कीवाला चिंधा आला. साक्षीसाठी दहा वाजता ये म्हटलं होतं, हा साडेआठलाच दारात. पोह्यांचा वास घरापर्यंत पोचला म्हणे, "अक्का, पोहास्ना वास मना घरलोंग ई ऱ्हायना." मागोमाग शेजारची कमलबाई आली. तिला पोह्यांचं काही नाही, चिंधा आपल्या आधी आला याचंच वाईट वाटलं. दोघांच्या बशा हातात असतानाच माझ्या मुलाची, प्रेमराजची, नवी गाडी धुळ्याहून येऊन अंगणात शिरली. सोबत सूनबाई ज्योत्स्ना आणि ज्ञानेश्वर मिस्त्री. प्रेमराज दोन दिवसांपूर्वी फोनवर म्हणाला होता, "माय, मागच्या शेडचं काहीतरी करू." हे 'काहीतरी' मला कळतं. म्हणूनच साक्षीदार आधी सांगून ठेवले होते.

तर आता कागदाचं बोलते. मी बेबाबाई, वय त्र्याहत्तर, कैलासवासी वना दगा पाटील यांची बायको (नाव कागदासाठी घेतलं, पुढे 'हे' असंच लिहीन), राहणार सोनगीर, जिल्हा धुळे, इयत्ता चौथी पास, कोणी धाक घातला नसताना, आपल्या हाताने, आपल्या अक्षरात हे मृत्युपत्र लिहिते. अक्षर वाकडं आहे, मन सरळ आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा पुरावा मागतात म्हणून देते: आज सकाळी चिंधाच्या पिठाच्या चक्कीचा आवाज मी घरात बसून ऐकला आणि बेअरिंग गेलं म्हणून सांगितलं. त्याने उघडून पाहिलं, गेलंच होतं. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. तोंडाने पुष्कळ वेळा केलं, पण ते रागात. ते धरू नये.

कलम एक. पुढचं राहतं घर प्रेमराजला. घर आणि जागा दोन्ही माझ्या नावावर आहेत, ग्रामपंचायतीचा उतारा पिठाच्या डब्यामागे ठेवला आहे. ह्यांनीच नावावर केलं होतं. म्हणाले, "माझ्या नावावर आधीच गावाची खूप कामं आहेत."

कलम दोन. माझी सोन्याची पोत ज्योत्स्नाला. ती मला दर वेळी विचारते, "आई, ही पोत जुन्या घडणीची ना?" आणि हात लावून वजन बघते. आता बघायची गरज नाही. पोरगी चांगली आहे, भाकरी मात्र अजून जाड करते. पोस्टात जे काही निघेल ते नातवंडांनी सारखं वाटून घ्यावं, भांडू नये.

कलम तीन. हेच खरं कलम आहे. घरामागचं पत्र्याचं शेड, आतल्या सगळ्या सामानासह, माझी नात मेघा प्रेमराज पाटील हिला. तिच्या बापाला नाही, तिच्या बापाच्या गाडीला तर नाहीच.

या शेडात ह्यांनी आयुष्यभर विहिरीवरच्या मोटारी आणि पंप दुरुस्त केले आणि मी त्यांच्याशेजारी उभी राहून कॉइलची तार गुंडाळली. मेघा आयटीआयची फिटर आहे. चाळीसगावला एका वर्कशॉपमध्ये कामाला जाते आणि रविवारी इथे येऊन गावाचे फवारणी पंप दुरुस्त करते (आज तिकडे जादा काम निघालं म्हणून आली नाही). मला म्हणाली, "आजी, शेड राहिलं तर मी नोकरी सोडून इथेच बसते." बापाचं म्हणणं, तिने बँकेची परीक्षा द्यावी आणि शेडाच्या जागी गाडीसाठी स्लॅबचं गॅरेज व्हावं. आज म्हणाला, "माय, बठ्ठं भंगार शे ते!" मी म्हटलं, याच भंगारावर तुझी कॉलेजची फी भरली, तेव्हा तुला ते हत्यार वाटायचं. गाडीला सावली पाहिजे तर कडुलिंबाखाली लाव. पाखरं काय करतील ते करतील, ती कोणाच्या नव्या गाडीला भीत नाहीत.

मेघाने शेड कसं ठेवावं ते लिहून ठेवते, कारण सांगितलेलं पोरी कानाआड करतात.

उजेड डाव्या हाताने यावा. ट्यूबलाइट पाठीमागे लावू नये, आपल्याच डोक्याची सावली कामावर पडते आणि मग हातोडी बोटावर. दोन ट्यूब लावाव्यात, एक गेली तरी काम अडत नाही.

आपल्याकडे वैशाखात पत्रा तव्यासारखा तापतो. ह्यांनी एकदा वर कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पसरल्या, गार वाटलं, आणि पत्र्याच्या फटीतून ग्रायंडरची ठिणगी वर गेली. अर्धं गाव बादल्या घेऊन आलं, चिंधा रिकामी बादली घेऊन आला. तेव्हा पऱ्हाटी नाही, दर होळीनंतर वरून चुन्याचे दोन हात मारावेत. समोरासमोर दोन खिडक्या ठेवाव्यात, म्हणजे वारा आरपार जातो.

मेन स्विच दाराजवळ, खांद्याच्या उंचीवर. टेबलाच्या पलीकडे नको. शॉक लागलेला माणूस टेबल ओलांडून स्विच बंद करत नाही. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर दर आठवड्याला हंडाभर पाणी ओतावं. लोक तुळशीला घालतात आणि अर्थिंगला विसरतात. ड्रिल चालू असताना ओढणी, मोकळी वेणी, बांगड्या काही नको. हातमोजेही नकोत, ड्रिलचं फिरतं बिट त्यांना ओढून घेतं. माझा पदर एकदा गेला होता. ह्यांनी स्विच पाडला म्हणून आज हे लिहिते आहे.

हत्यारांसाठी भिंतीला प्लाय ठोकावा आणि प्रत्येक हत्याराची आकृती काळ्या रंगाने काढावी. मग रिकामी जागा स्वतःच ओरडते. आमच्या प्लायवर मोठ्या पाईप पान्याची जागा अकरा वर्षं ओरडते आहे. तो पाना चिंधाकडे आहे. बोअरसाठी एका दिवसापुरता नेला होता. दर खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते, त्या दिवशी चिंधा पाना घासूनपुसून आणतो, हळदकुंकू लावून घेतो, प्रसाद खातो आणि पाना परत घेऊन जातो. विचारलं तर म्हणतो, पूजेला आणला होता की, "अक्का, पूजाले लई उनू ना!" म्हणून मेघाने हत्यार उसनं देताना माणसाची एक चप्पल ठेवून घ्यावी. दोन ठेवू नयेत. दोन ठेवल्या तर माणूस अनवाणी निघून जातो, एक ठेवली तर लाजून परत येतो.

आता टेबल. सागवानी आहे, ह्यांनी स्वतः केलं, स्वतःच्या उंचीचं. हे सहा फूट आणि मी कमलबाईपेक्षाही बुटकी. मी माझ्या लग्नातला पाट खाली टाकून त्यावर उभी राहायचे. एकतीस वर्षं. पाय खालून कापा असं म्हणायचा धीर झाला नाही, ह्यांनी इतक्या हौसेने केलेलं. हेही काही बोलले नाहीत. मला वाटलं, लक्षात आलं नसेल.

आज मापं घेताना मिस्त्रीने ते भिंतीपासून ओढून आडवं केलं. म्हणाला, "काकू, हे जळणात जाईल." तर चारही पायांना, खालून चार बोटं सोडून, पेन्सिलीची रेघ. एका पायावर बारीक अक्षरात 'बेबा'. ह्यांचंच अक्षर, मोटारीवर गिऱ्हाइकाचं नाव लिहायचे तसं.

मिस्त्रीने टेबल उचलून हळूच सरळ केलं. मग चिंधा हातातली बशी खाली ठेवून म्हणाला, "अक्का, तव्हय करवत मनाकडे व्हती."

"आणि आता?"

"आतेभी मनाकडेच शे."

म्हणजे ह्यांनी रेघ मारली तेव्हा करवत चिंधाने उसनी नेलेली, ती अजून त्याच्याचकडे. आधी कमलबाई हसली, मग मी, मग प्रेमराजसुद्धा. हसता हसता त्याने डोळे पुसले, ते मी पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं. मग गाडीकडे जाताना म्हणाला, "तरी माय, बुधवारी अखाजीचा मुहूर्त आहे, चांगल्या दिवशी काम सुरू केलेलं बरं." अक्षय्य तृतीया झाली म्हणून पाडायला कोण मुहूर्त काढतं? पण पोरगा माझाच आहे, एका दिवसात वळायचा नाही. मी वळले का एकतीस वर्षांत?

टेबलाबद्दल मेघाला एवढंच: त्या रेघेवर कापू नये. ती रेघ माझी आहे, राहू द्यावी. मेघा माझ्यापेक्षा उंच. तिने काम करताना घालते त्याच चपला घालून सरळ उभं राहावं, हात खाली सोडावा, मनगटाची घडी जिथे येईल तिथे टेबलाचा माथा यावा. तेवढंच कापावं. बाईने पाटावर उभं राहून काम करू नये. पाट जेवायला असतो.

कलम चार. चिंधा वेडू पाटील याला मी पाना कायमचा देऊन टाकणार होते, इतकी वर्षं त्याने सांभाळला. पण वकिलांकडे चौकशी केली, तर म्हणाले साक्षीदाराच्या नावाने काही ठेवू नये, कज्जे होतात. म्हणूनच मी त्याला साक्षीदार केलं आहे. आता करवतही त्यातच आली. हे कलम त्याला मोठ्याने वाचून दाखवलं. तो म्हणाला, "अक्का, तू पोहा खावाडीसन फसाडं." फसवलं तर फसवलं. सही केली.

कलम पाच. हे सगळं मी गेल्यावर लागू होणार, हे मला माहीत आहे. बुधवारी मी जिवंत असणार आहे. म्हणून शेडाची किल्ली मी आजपासूनच मेघाची केली. तिला फोन करून सांगितलं आहे, लेकी अखाजीला घरी येतात, तू मंगळवारीच ये.

वरील मजकूर मी लिहिला, मी वाचला, दोघांना ऐकवला. खाडाखोड आहे ती चुकीची नाही, विचार बदलल्याची आहे.

सही: बेबाबाई वना पाटील (अंगठा नाही, सही)

साक्षीदार एक: चिंधा वेडू पाटील, सोनगीर
साक्षीदार दोन: कमलबाई लोटन पाटील, सोनगीर (हिने चिंधाच्या वर सही करायचा हट्ट केला, पण वर जागा उरली नव्हती)

ठिकाण: सोनगीर, मागचं शेड, उंच टेबलावर
दिनांक: २७ एप्रिल २०२५, रविवार

मागाहून आठवलं ते. ज्ञानेश्वर मिस्त्री स्वतःची टेप विसरून आला होता. माझ्या टेपने शेड मोजलं आणि तीच खिशात घालून गेला. चप्पल ठेवून घ्यायची राहिली. प्रेमराज, ज्योत्स्ना आणि मिस्त्री परत येतो म्हणून गेले आहेत ते अखाजीला, ३० तारखेला, बुधवारी. मुहूर्त वाया जायला नको. येताना मिस्त्रीने टेप आणावी आणि चिंधाने करवत. मेघाचं माप घ्यायचं आहे.