पेडलवरचा माझा ताबा

२ डिसेंबर
पेडल आलं. पायपेटीचं युग संपलं. दाजींच्या दशावतार कंपनीत मी पंधरा वर्षं पायपेटी वाजवतोय. हात सुरांवर, पाय भात्यावर. आता समोर सिंथेसायझर आणि पायाखाली हे पेडल. पुढे दाबलं की आवाज चढतो, टाच टेकली की उतरतो, तेही वाजवता वाजवता. आरोंद्यात असं कोणी केलेलं नाही. निश्चय : रोज सकाळी रियाज.

३ डिसेंबर
रियाज उद्यापासून. पायाला उपजत समज आहे.

५ डिसेंबर
तालीम. राजा युद्धाला निघतो, राणी विलाप करते. राणी म्हणजे बाळा. त्याने सूर लावला आणि माझ्या वाद्याचा आवाज वर-खाली, वर-खाली. होडीत बसल्यासारखा. बाळाला हसू फुटलं. राणीने राजाला हसत हसत मरायला पाठवलं. राजा म्हणजे खुद्द दाजी. त्यांनी तालीम तिथेच थांबवली.
कारण उघड आहे. व्होल्टेज.

८ डिसेंबर
स्टॅबिलायझर आणला. सुनीती म्हणते, "व्होल्टेज नाय ता. पंधरा वर्सां भातो मारलात, तुमचो पाय गप रवना नाय." बायकोला इलेक्ट्रॉनिक्समधलं काय कळणार? वाद घातला नाही.

११ डिसेंबर
स्टॅबिलायझर लावूनही आवाज हलतो. म्हणजे खारी हवा. दाजींनी आज बाजूला घेतलं. "गुरू, शिरोड्याच्या प्रयोगाक आवाज असोच हललो तर फुडे दीपेशाक बसयतलंय." दीपेश म्हणजे ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवणारा, केसांना जेल लावणारा.
शाळेत मी क्लार्क, 'ओ क्लार्क' म्हणूनच हाक येते. नाटकात पेटीच्या बैठकीवर बसलो की लोक मास्तर म्हणतात. ती गेली तर माझ्याकडे काय उरलं?

१४ डिसेंबर
पाय टॉवेलने खुर्चीला बांधून रियाज केला. थोड्या वेळाने खुर्चीच हलायला लागली. रियाज थांबवला. आत्मविश्वास शाबूत.

२० डिसेंबर, शिरोडा
संध्याकाळी प्रयोग. वायरी जोडून झाल्या. दीपेश पहिल्या रांगेत येऊन बसलाय, इस्त्रीचा शर्ट घालून. चहा घेऊन येतो.

२१ डिसेंबर
जिंकलो. विलाप सुरू झाला. पाय चालूच होता, पण आवाज तसूभर हलला नाही. यालाच कंट्रोल म्हणतात. बाळा मनापासून रडला, बायकांनी पदर डोळ्यांना लावले. दीपेश मध्येच उठून गेला. दाजींनी पाठीवर थाप मारली, "मास्तर, बैठक तुमचीच." डोळे भरून आले. आता नवशिक्यांसाठी पेडलचा क्लास काढावा म्हणतो.

२२ डिसेंबर
क्लासच्या तयारीला बसलो. बॅगेत पेडल आहे, त्याची वायर नाही. सामान कंपनीच्या पोरांनी भरलं होतं, म्हणून दाजींना फोन केला.
दाजी म्हणाले, वायर त्यांच्याकडे आहे. परवा मी चहाला गेलो तेव्हा त्यांनीच काढली, प्रयोग सुरू व्हायच्या आधी. "पेडल तेवढा ठेवलंय. तुझ्या पायाक कायतरी काम व्हया."
लाज वाटली. खूप.
मग त्यांनी विचारलं, धामापूरच्या प्रयोगाला तसंच बसशील ना?
म्हटलं, बसेन.