माझी सर्वोत्तम गाणी, माझ्याशिवाय

३ मार्च
कॅसेट कंपनीच्या आनेकचा फोन. माझी गाजलेली गाणी एकत्र काढायची म्हणतो — ‘मालिवनची सर्वोत्तम गाणी’! गाडीवर सोमतमच्या कोशिंबिरीसाठी पपई कुटत होते, तशीच मुसळ हातात घेऊन नाचले. आईला सांगितलं. ती म्हणाली, “सर्वोत्तम कुठली त्यात?”

चौपन्न वर्षांची झाले, पण या बाईनं माझ्या गाण्याला एकदाही बरं म्हटलेलं नाही. “नाकात गातेस,” एवढंच. अख्खं खोनकेन शहर माझ्या गळ्यात हार घालायचं तेव्हाही ही रेडिओ बंद करायची.

५ मार्च
माशी शिंकली. मूळ टेपा जुन्या कंपनीकडे आहेत आणि ती द्यायला तयार नाही. म्हणजे सगळी गाणी पुन्हा गायची, अगदी तेव्हासारखी. ऐकणाऱ्याला फरक कळता कामा नये.

त्यात काय! माझीच तर गाणी.

६ मार्च
फरक कळतो.

७ मार्च
आवाज पार तळाला गेलाय. ‘नदीपल्याडची बस’मधला हुंदका वर चढेचना. लिंबू झालं, मध झाला. मी म्हटलं माइक खराब आहे, त्यांनी माइक बदलला. मग म्हटलं खोली दमट आहे. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! शेवटी आनेक खाली मान घालून म्हणाला, “मावशी, राग मानू नका. पण तुमच्यासारखं वाटत नाही.”

मी माझ्यासारखी वाटत नाही! गाडीवर येऊन इतक्या मिरच्या कुटल्या की गिऱ्हाईक रडलं.

१० मार्च
आनेकने उपाय शोधलाय. थोंगखाम नावाचा. दिवसा मोटारसायकली दुरुस्त करतो आणि देवळांच्या जत्रांत टिकल्यांचा झगा घालून माझी नक्कल करतो. मिशी आहे त्याला!

आज पाहायला गेले, चप्पल काढायच्या तयारीनेच. त्याने तोंड उघडलं आणि समोर मी उभी — पंचवीस वर्षांची. शेजारची बाई डोळे पुसत होती. मीही पुसले. मेल्याने मिशी तरी काढायची.

१२ मार्च
थोंगखाम घरी आला, हात जोडून जमिनीवर बसला. मी नको म्हटलं तर गाणार नाही म्हणाला. आणि मग चाचरत, “मावशी, हुंदक्याआधी तुम्ही डावा खांदा उडवायचात. विसरलात का?”

तो गेल्यावर खांदा उडवून पाहिला. हुंदका नाही आला, मानेत लचक भरली.

१५ मार्च
मानेला तेल लावून विचार केला. कॅसेट निघायला हवी. पण माझ्याच कॅसेटमध्ये मी नसले, तर इतकी वर्षं गायले कशाला? फार वाईट वाटलं.

शेवटी ठरलं — फोटो माझा, आवाज थोंगखामचा. अट एकच. शेवटचं गाणं, ‘मागल्या दारची चूल’, मीच गाणार. वर चढत नाही ना, मग खालीच गाईन! आनेक म्हणाला, “गा मावशी. तिथपर्यंत कोणी पोचत नाही.”

२ एप्रिल
कॅसेट आली. फोटोत मी तिशीची. बाजारात जो तो म्हणतोय, आवाज अजून तसाच आहे. मी नमस्कार करते. थोंगखाम समोर सोमतम खाता खाता लाजतो, आणि लोकांना वाटतं त्याला तिखट लागलं.

आईला अजून ऐकवलेली नाही. छाती होत नाही.

१३ एप्रिल
सोंगक्रान, नव्या वर्षाचा सण. आईच्या हातांवर सुगंधी पाणी ओतलं, आशीर्वाद घेतला आणि धीर करून कॅसेट लावली. थोंगखामही आला होता. पहिल्याच गाण्याला आई म्हणाली, “नाकात.”

थोंगखामचा चेहरा एवढासा झाला. मला मात्र आतून गुदगुल्या झाल्या. आई विडा चघळत पुढची गाणी ऐकत राहिली. शेवटचं लागायच्या आत मी भात बघायच्या निमित्ताने चुलीकडे पळाले.

१४ एप्रिल
सकाळी आईने ते शेवटचं गाणं पुन्हा लावायला लावलं. संपेपर्यंत विडा तोंडात तसाच. मग म्हणाली, “ही कोण गं? हिच्याकडे जाऊन शीक जरा.”