नातेवाइकांचा रकाना

३ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

नोकरी लागली! कंपनीच्या कायदा विभागात, तीन महिने कच्ची. मुलाखतीत एकही कलम विचारलं नाही. यंत्रानं काढलेला एका कराराचा सारांश पुढ्यात ठेवला आणि म्हणाले, चूक शोधा. मग करार गोदामवाल्याला समजेल असा सांगा. तुम्ही पाठ करून घेतलेली कलमं पोटातच राहिली.

वशिल्याचा शिक्का नको असं तुम्ही बजावलं होतं, म्हणून तुमचं नाव काढलं नाही. अर्जात रकाना होता, कंपनीचं काम करणारे नातेवाईक. तिथे ‘नाहीत’ लिहिलं. वीस वर्षं इथली भाडेपत्रं करणारे वकील माझे मामा, हे इथे कुणालाच माहीत नाही. तेव्हापासून मनाला चुटपुट लागली आहे. मामीला नमस्कार.

तुमची भाची

९ मार्च

चि. बडबडीस,
अ. आ.

मामी गल्लीभर सांगत सुटली आहे. चुका शोधायला तू बरी. लहानपणापासून माझ्याच काढत आलीस. मीही संगणक घेतला, अजून खोक्यातच आहे. रकान्याचं मनावर घेऊ नकोस. तो कागद कोण बघतं!

तुझा मामा

२८ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

बाहेरच्या सहा वकिलांचं काम तपासून दोघेच ठेवायचे आहेत. ते काम साहेबांनी मला दिलं. चौथी फाइल तुमची. दोन दिवस उघडत होते, मिटत होते. काल शेरा लिहिला. काय लिहिला ते सांगता येत नाही. खरं तर एवढंही सांगायला नको होतं. अजून साहेबांना दिला नाही. रकान्याचं सांगितलं तर नोकरी जाईल, नाही सांगितलं तर आरशात बघवणार नाही. काय करू? लगेच लिहा.

तुमची भाची

२ एप्रिल

चि. बडबडीस,
अ. आ.

चूक माझी. माझ्या ताठ्यापायी तू खोटं लिहिलंस. आजच साहेबांकडे जा, सगळं सांग, फाइल परत कर. यापुढे कचेरीतलं एक अक्षर मला लिहायचं नाही. नोकरी राहिली की गेली, तेवढं कळव. इथे कशातच लक्ष लागत नाही.

तुझा मामा

८ एप्रिल

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

सांगितलं. साहेब फार रागावले. फाइल शेऱ्यासकट काढून घेतली, चार दिवस टांगून ठेवलं, मग अर्ज पुन्हा भरून घेतला. नोकरी राहिली.

तुमची भाची

२१ एप्रिल

चि. बडबडीस,
अ. आ.

कंपनीचं पत्र आलं. माझं काम बंद. कारण दिलं आहे, मसुदे चोख, पण उत्तरं फार उशिरा. खरंच आहे. तरी वाईट वाटलं, मामीवर उगाच खेकसलो.

तुझा शेरा काय होता ते विचारणार नाही. दोन दिवस मात्र मनात घोळत होतं, भाचीनं तरी शेऱ्यात मामाला सांभाळून घेतलं असेल. मग माझीच मला लाज वाटली. सांभाळून घेतलं नसशील, तरच तू पक्की वकील.

सुट्टीला ये. आणि आता मी तुझ्या कंपनीचा कुणी नाही, म्हणून माया पातळ करू नकोस.

तुझा मामा