बेडूक गप्प होतात तेव्हा

आई, ओढ्यावरचे बेडूक अजूनही तुझ्यासाठी गप्प होतात. तू जाऊन इतकी वर्षं झाली, बंगळूर ओळखू येऊ नये असं वाढलं, पण राजाजीनगरच्या पलीकडचा आपला ओढा अजून आहे. तिन्हीसांजेला मी काठावर बसते आणि वरच्या करंजापासून एकेक बेडूक गप्प होत ती शांतता खाली येते, कुणीतरी काठानं सावकाश चालत यावं तशी. माझ्यापाशी आली की थांबते.

आपण साताऱ्याहून नुकते आलो होतो आणि तुला कन्नडचा गंध नव्हता. दारातूनच तू शेजारच्या अक्कांना विचारलंस, "केर कुठे?" त्यांनी उताराकडे हात केला, "केरे? अल्ली, अल्ली!" तू टोपली उचललीस आणि तळ्याला मिळणाऱ्या ओढ्यात रिकामी केलीस. अक्का किंचाळतच धावल्या. आपला केर म्हणजे कचरा, त्यांचं केरे म्हणजे तळं! बाबा हसून हसून लोळले, तुझा मात्र जीव लाजेनं अर्धा झाला. दुसऱ्या दिवशी आपला केर काढायला उतरलीस ती पुढे सगळ्या वस्तीचा काढत राहिलीस. पाणी पळून जाऊ नये म्हणून आडवे दगड लावलेस, काठाला वाळा आणि करंज. उन्हाळ्यात ओढा कोरडा पडला की मी फावड्यानं तळ साफ करायला जायची आणि तू ओरडायचीस, "अगं, हळू! चिखल म्हणजे घाण नव्हे. निम्मी वस्ती खाली झोपलीय!" त्या वयात मला त्या झोपलेल्यांची फार भीती वाटायची.

तू गेलीस तेव्हाही ओढा कोरडाच होता. त्या वर्षी पाणी आलं, चिखलात झोपलेले सगळे बेडूक वर आले, आणि त्याच सुमारास दोन्ही काठ दगड-सिमेंटनं बांधायचं ठरलं. लव्हाळा, वाळा, सगळं खरवडून काढणार होते. मला वाटलं, आता तू दुसऱ्यांदा जाणार. इंजिनिअर संध्याकाळी जागा बघायला आले. अक्का आणि मी त्यांना विनवत होतो, तोच वरून शांतता यायला लागली. अक्कांनी पदर सावरला. "बंदळु," त्या हळूच म्हणाल्या. आली.

"कोण आली?" इंजिनिअरनी विचारलं.

"आमची मराठी अक्का. स्वल्प सरका, सार, तिची वाट आहे."

ते हसले. पण सरकले. ओल्या वाटेवर कुणाचंही पाऊल उमटलं नाही, तरी आम्ही तिघं श्वास रोखून उभे होतो. बांधकाम वरच्या वळणापाशीच थांबलं. भीतीनं की मंजुरी अडकली म्हणून, देव जाणे. तेव्हापासून या काठाला कुणी फावडं लावत नाही, केर टाकायलाही कुणी धजत नाही. कुणी विचारलंच तर मी सांगते, इथे माझी आई फिरते.

हे पत्र कुठे पाठवणार? मी तेही काठावर बसूनच लिहितेय. आत्ताच सगळे गप्प झालेत, अगदी माझ्या पाठीशी. दिवडीसारखा पाणसाप सरपटत आला तरी बेडूक असेच गप्प होतात, हे तूच मला शिकवलं होतंस. म्हणून आई, मी आजवर एकदाही मागं वळून पाहिलेलं नाही.