हार घातलेल्या फोटोनंतरचं हसू

कळसाडी,
७ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. कामिनीताईस,
धाकट्या हेमकांतचा शि. सा. नमस्कार. दाजींनाही सांगावा.

तुझ्या आश्रमशाळेकडे फोन लागत नाही, म्हणून हे पत्र तळोद्याहून सुकरामच्या जीपने पाठवतो आहे. दोनदा लिहून फाडलं, हे तिसरं.

रोशनीवहिनी छोट्या चेतनाला घेऊन बुधवारी सारंगखेड्याला माहेरी निघून गेली. कारण मी आहे.

लखनदादाच्या वर्षश्राद्धाला आलेली तू दुपारच्या जीपने परतलीस, त्यामुळे संध्याकाळी अंगणात लावलेली माझी फिल्म तू पाहिली नाहीस. शेवटी दादा मोटारसायकलवरून केळीच्या बागेकडे जातो, तो शॉट मी संथ केला, खाली बासरी लावली. मग दोन सेकंद काळा पडदा. मग हार घातलेला त्याचा फोटो. आणि लगेच वहिनीचा चेहरा, मान खाली घालून हसणारा.

तो चेहरा तुझ्या हळदीच्या चित्रीकरणातला. भाईदासशेठच्या स्टुडिओत आम्ही असंच करतो. लग्नाच्या व्हिडिओत दोन शॉट जुळले नाहीत, की हळदीतला एखादा चांगला चेहरा मध्ये चिकटवायचा. कोण कशाला हसलं होतं, ते कोणी विचारत नाही. मला वाटलं, लोकांना दिसेल की वहिनी दादाची आठवण काढते आहे. लोकांना दिसलं, की नवऱ्याच्या फोटोला हार चढला आणि बाई हसली. दगूआत्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, की शहादाले शिवणक्लासले जास ना ती, तिले कसानं दुख? आई पुढचे तीन दिवस वहिनीपुढे चहाचा कप नुसता सरकवायची.

तो शॉट जुना आहे, हे मी घरोघर जाऊन सांगितलं. शांतीलालकाका म्हणाले, की डोळ्यांनी पाहिलं ते खोटं कसं?

आता मी दुसरी फिल्म जुळवली आहे. तुझ्या पाठवणीला वहिनी खूप रडली होती. तो चेहरा फोटोनंतर टाकला, खाली सनई. ताई, मीच जुळवली आणि मलाच रडू आलं. ही दाखवली तर लोक तिला उलट हात जोडतील आणि आईच तिला आणायला जाईल. दाखवू का? तू हो म्हटल्याशिवाय बटण दाबणार नाही.

माया आहे तेवढी राहू दे, राग वेगळा कळव.
तुझा,
हेमकांत


आश्रमशाळा,
११ फेब्रुवारी २०२५

चि. हेमकांत यास,
अनेक आशीर्वाद, आणि एक कान पिळलेला समजावा.

पत्र पोचलं. दहावीनंतर शाळा सोडलेल्या माझ्या भावाचं पत्र मी नववीच्या वर्गाला शुद्धलेखनासाठी दाखवते, हे तुला ठाऊक आहे. हे मात्र वाचलं आणि घडी घालून पेटीत ठेवलं.

ती फिल्म दाखवू नकोस. मी सासरी निघाले म्हणून रोशनी रडली. ते रडू माझं आहे. ते उचलून दादाच्या मरणावर चिकटवशील, तर पहिल्यांदा नकळत केलंस ते आता ठरवून केल्यासारखं होईल. लोकांना पाझर फुटलाच, तर तो तुझ्या सनईने फुटेल. उद्या ती पुन्हा कधी हसली, की मग काय करशील?

आता नीट आठव. माझ्या हळदीला तू मंडपामागे आचाऱ्याजवळ होतास. कॅमेरा भाईदासशेठचा योगेंद्र चालवत होता. पण लाईट कोणी धरला होता? लखनदादाने. हौस म्हणून तासभर उभा होता तो. माझ्या तोंडावर उजेड कमी आणि बायकोच्या तोंडावर जास्त पाडतोस, म्हणून मी त्याला चार शब्द ऐकवलेसुद्धा. रोशनी त्याच्यामुळेच हसली. तो काहीतरी बोलला होता, बँडच्या दणक्यात मला कळलं नाही.

त्या चित्रीकरणाचा आवाज तू कधी ऐकलास का रे? ऐक, आणि आधी आईला एकटीला ऐकव. वर काही लावू नकोस.

आईच्या गुडघ्याला तेल लावत जा. भिऊ नकोस, पण घाईही नको.
तुझी,
ताई


कळसाडी,
२४ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. ताईस,
शि. सा. नमस्कार.

नव्हता ऐकला. हळदीचा आवाज आम्ही आधी बंद करतो आणि मग गाणं लावतो. माझा हात आपोआप त्याच बटणावर जातो. मूळ क्लिप एकेचाळीस सेकंदांची निघाली. मी तीनच वापरले होते.

आधी नुसता बँड. मग अगदी कॅमेऱ्याजवळ दादाचा आवाज. वहिनीला विचारतो, की तू कामिनीले हळद लावी ऱ्हायनी का भज्यासले पीठ? वहिनी मान खाली घालते आणि हसते. हसू तेच, ताई. मी फक्त त्याचा शेजार बदलला होता.

आईला ओसरीत बसवून मोबाइल दिला. तिने पडद्याकडे पाहिलं नाही, कोणाचा फोन आल्यासारखा कानाला लावला. चार वेळा ऐकलं. मग म्हणाली, की मन्हा लखन तठेच उभा व्हता, आनि तू त्याले पुसी टाकं.

दुसऱ्या दिवशी तिला मोटारसायकलवर मागे बसवून सारंगखेड्याला गेलो. वहिनीने ऐकलं आणि फोन परत दिला. म्हणाली, की भाऊजी, पडद्यावर माझं तोंड दिसलं तेव्हाच मला आठवलं होतं, कोण बोललं आणि काय बोललं. तीन दिवस वाट पाहिली. तुम्ही गावभर समजावत फिरलात, पण मला एका शब्दाने विचारलं नाही. आईने घरी चल म्हणून तिचा हात धरला. वहिनी म्हणाली, की त्याच अंगणात, त्याच माणसांना ह्यांचा आवाज ऐकवा, मग पाहीन.

काल संध्याकाळी सगळ्यांना बोलावलं. तोच पडदा, बाजूला खुर्चीवर हार घातलेला तोच फोटो. त्यासाठी माहेरहून आलेली वहिनी शेवटच्या रांगेत, आई तिला लागून. बँड वाजायला लागला तशी माणसं चुळबुळली. मग दादा भज्यांचं बोलला आणि दगूआत्या फिसकन हसली. शांतीलालकाका हसले. अख्खं अंगण हसलं, त्या फोटोसमोर. मग दगूआत्याने तोंडाला पदर लावला तो काढलाच नाही. कोणी कोणाकडे बघेना.

वहिनी हसली नाही. तिने मागूनच सांगितलं, की पुन्हा लावा.

आज सकाळी ती शिवणक्लासला गेली. राहणार की परत जाणार, ते बोलली नाही. माहेरहून आणलेली पिशवी दाराशीच आहे, अजून उघडलेली नाही. डबा मात्र आईने भरून दिला.

चुकलेल्या भावावरचा लोभ कमी करू नकोस.
तुझा,
हेमकांत